पोरं निघाली परदेशी



उसाचं बिल खात्यावर जमा झालं की आपल्याकडं खर्चाची यादी ठरलेली असते. सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, पावणेरावळ्यातलं एखादं कार्य, आणि उरलंच काही तर घराची कौलं नाहीतर पत्रे. अलीकडं या यादीत एक नवं कलम शिरलं आहे. शाळेची परदेश सहल! आठवी-नववीचं पोरगं शाळेतून छापील कागद घेऊन येतं. आई म्हणते, "एवढ्या लांब?" आजोबा विचारतात, "तिथं जाऊन करायचं काय?" आणि बाप मनातल्या मनात सहलीच्या फीचे टन करून बघतो.

चिंचोळी एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत फिरताना आम्हाला हा विषय दोन-तीन घरांत ऐकू आला. म्हणून म्हटलं, या अंकात ऊसलागवडीची माहिती थोडी बाजूला ठेवून यावरच चार ओळी लिहाव्यात. संचालक मंडळांचे अभ्यासदौरे आपण आजवर ऐकत आलो, आता पोरांची पाळी आली आहे इतकंच.

परदेश म्हणजे फक्त पैसेवाल्यांच्या पोरांसाठी, ही समजूत आता राहिलेली नाही. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेनं आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेला बरोबर घेऊन आपल्या शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांची परीक्षा घेतली. त्यातून ७५ मुलं निवडली, ५० जणांना इस्रो आणि २५ जणांना थेट अमेरिकेतली नासा. या मुलांत शेतकऱ्यांची, मजुरांची लेकरं होती. काहींनी तोवर आगगाडीतही पाऊल ठेवलं नव्हतं. डोंगरातल्या गावची, रोज पायी शाळेला जाणारी मुलगीही त्यात होती. पोरीला घराबाहेर पाठवायचं म्हटलं की ज्या घरांत अजून कुजबूज सुरू होते, त्या घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

आपल्याच जिल्ह्यातलं माढा तालुक्यातलं परितेवाडी तर सगळ्यांना ठाऊक आहे. गोठ्याशेजारी असलेल्या तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण आम्हाला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांनी वर्गात बसल्या बसल्या पडद्यावरून मुलांना परदेशातली ठिकाणं दाखवली, तिथल्या माणसांशी बोलायला लावलं. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा एकमेकांकडं पाठ फिरवलेल्या देशांतल्या मुलांना समोरासमोर आणलं. ना विमानाचं तिकीट, ना हॉटेलचं भाडं. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी आपल्या गावच्या गुरुजींना एवढं विचारायला काय हरकत आहे?

आता प्रत्यक्ष जाणाऱ्यांविषयी. पाहण्यासारखं काय, हे सांगायला सहलवाले समर्थ आहेत. तरी एकदोन गोष्टी सांगतोच. अमेरिकेत वॉशिंग्टनला विमानांचं मोठं सरकारी संग्रहालय आहे, तिथं प्रवेशाला पैसे पडत नाहीत. राइट बंधूंचं १९०३ सालचं मूळ विमान तिथं ठेवलं आहे. हे दोघे भाऊ सायकलचे दुकानदार. त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. आपल्या उसाची एखादी लांब सरी त्याहून मोठी भरेल! आणि फ्लोरिडात केनेडी अवकाश केंद्रात चंद्रावर माणूस नेणाऱ्या जातीचं सॅटर्न अग्निबाण आडवं ठेवलं आहे, ३६३ फूट लांब. त्याच दालनात चंद्रावरचा दगड आहे, हात लावून बघता येतो. पहिलं विमान आणि चंद्रावरचा माणूस यांत ६६ वर्षांचंच अंतर आहे, हे पोरांना तिथं उभं राहिल्यावर जितकं कळेल तितकं पुस्तकातून कळायचं नाही.

खरी अडचण येते ती रीतभातीची. पोरं हुशार असतात, पण पहिल्या दिवशी बावरतात. सिंगापूरचंच घ्या. तिथल्या लोकल रेल्वेत खाणं-पिणं चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड होतो. च्युइंगमच्या विक्रीवर १९९२ पासून बंदी आहे. खाऊगल्लीत जेवण झालं की आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं, नाही ठेवलं तर २०२१ पासून त्यालाही कारवाई आहे. आपल्याकडं पंगतीत उष्टं ताट पाहुण्यानं उचललं तर यजमानाला अपमान वाटतो, तिथं नाही उचललं तर शेजारच्याला राग येतो. दोन्हीमागं दुसऱ्याचा विचारच आहे. फक्त रीत उलटी.

सरकता जिना ही आणखी एक गंमत. लंडनला उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी ठेवायची. टोकियोत लोक डावीकडं उभे राहतात आणि त्याच जपानात ओसाकाला उजवीकडं! मग पोरानं काय पाठ करायचं? काही नाही. पुढचे चार लोक काय करतात ते बघायचं. अमेरिकेत मात्र बघून भागत नाही, आधीच सांगून ठेवावं लागतं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना पहिल्यांदा डावीकडं बघायचं. आपल्या पोरांची मान सवयीनं उजवीकडं वळते. हा शिष्टाचार नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

बोलण्याचंही तसंच. आपण या वस्तीवरून त्या वस्तीवर हाक मारणारी माणसं, आवाज मोठा असणारच. पण रेल्वेत, संग्रहालयात तोच आवाज दहा माणसांच्या माना वळवतो. तिकडं शब्दाशब्दाला 'प्लीज' आणि 'थँक यू' लागतं. आपल्याकडं आईनं भाकरी वाढली तर तिचे आभार मानले की ती म्हणेल, "बरं वाटत नाही का रे?" म्हणून आपली पोरं उद्धट ठरत नाहीत, पण परक्याला ते कसं कळावं?

एक मात्र आम्हाला स्पष्ट सांगायचं आहे. काही शाळांत सहलीआधी जो शिष्टाचाराचा वर्ग घेतात, त्यात पोरांना काटा-चमचा शिकवताना हातानं जेवण्याची लाज शिकवली जाते. हे बरं नव्हे. काटा-चमचा जरूर शिकवा, पण ती एक वेगळी रीत म्हणून शिकवा. जपानच्या शाळांत पोरं स्वतः वर्ग झाडतात, दारात बूट काढतात. यातलं दुसरं तर आपल्या आजीनं आपल्याला शिकवलंच आहे. पहिलं आपण विसरलो, शाळेत पोरांना झाडू दिला की पालक तक्रार घेऊन जातात!

सोलापूरच्या मातीनं याचा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्या लोकांसारखे राहिले, १९४२ साली तिथंच वारले. त्यांचं सोलापुरातलं घर आज स्मारक आहे. परदेशी निघालेल्या पोराला आधी तिथं नेऊन आणावं.

आणि चिंचोळीला आणावं. मोटारीच्या इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट इथल्या कारखान्यात तयार होऊन परदेशी कंपन्यांच्या गाड्यांत बसतात. आपल्या शिवाराला लागून हे चालतं आणि आपल्याच पोरांनी ते पाहिलेलं नसतं.

शेवटी व्यवहाराचं. पासपोर्टचं काम सोलापुरातच होतं. १८ वर्षांखालच्या मुलाच्या अर्जाला आईवडील दोघांची संमती लागते, त्यामुळं सह्या करायच्या दिवशी दोघांनी घरी असावं, एकानं ऊस तोडणीला जाऊ नये. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघावं. एके ठिकाणी 'पाटील' आणि दुसरीकडं नुसतं आडनावाविना नाव, यावरच निम्मे अर्ज रखडतात असं म्हटलं तरी चालेल. सहलीचे पैसे भरताना शाळेच्या नावाची पावती घ्यावी, एजंटाच्या हातात रोकड देऊ नये. कोणकोणते शिक्षक बरोबर जाणार, मुलींबरोबर शिक्षिका आहेत का, विमा काढला आहे का, सहल रद्द झाली तर पैसे किती परत, हे लेखी मागावं. आणि फीसाठी पुढच्या हंगामाच्या बिलावर उचल काढू नये. त्यापेक्षा एक वर्ष थांबावं. २०२५ च्या जूनपासून सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं आहे. पहिल्यांदा विमानात बसायचं तर तेवढंही पोराला पुष्कळ आहे.