पायीची वहाण पायीच बरी



मृग तोंडावर आला की बियाणे-खतांबरोबर बाजारातून आणखी एक वस्तू घरी येते. ती म्हणजे नवे पायतण. कुणी कातडी बूट घेतो, कुणी जाड तळाच्या वहाणा. घरी आल्यावर मात्र ते फळीवर चढतात आणि पहिला पाऊस पडताच मालक अनवाणी शेतात जातो. का, तर नवे बूट चिखलात कशाला घालवायचे!

नोकरीच्या निमित्ताने मी तीसएक पावसाळे बांधावरून हिंडलो. त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. रात्री पावसाचा जोर वाढला म्हणून एक शेतकरी बांधाचे पाणी काढून द्यायला निघाले. आठ दिवसांपूर्वी घेतलेले बूट दाराशीच होते. ते भिजू नयेत म्हणून अनवाणी गेले. बांधावर घोणस चावली, घोट्याच्या खाली. लगेच रुग्णालयात नेले म्हणून वाचले, पण महिनाभर अंथरुणाला खिळले. राहिलेली पेरणी शेजाऱ्यांनी उरकून दिली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या कारभारीणबाई बुटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, बूट अजून नवेच आहेत हो." मला काही उत्तर सुचले नाही.

म्हणून आज बूट कसे राखावेत ते सांगतो. फळीवर नव्हे, पायात ठेवून.

चामडे का खराब होते?

चामडे म्हणजे जनावराची कमावलेली कातडी. तिच्या बारीक तंतूंत तेल-चरबीचा अंश असतो, म्हणून ती लवते. चामडे वरचेवर भिजले आणि वाळले की हा अंश कमी होतो, तंतू एकमेकांना चिकटतात, चामडे कडक होते आणि जिथे घडी पडते तिथे तडकते. तडा गेला की पाणी आत शिरलेच.

आपली कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांच्या या कारागिरीला 2019 साली भौगोलिक मानांकनाची मोहोर मिळाली. पण हे चामडे पाणी लवकर पिते. तेव्हा ती चप्पल उन्हाळ्यात मिरवावी. पावसात घोटा झाकणारे बूटच वापरावेत.

नव्या बुटाचा पहिला संस्कार

बूट पायात घालून चिखलात जाण्यापूर्वी हे करा. मधपाळाकडून 50 ग्रॅम मधमाशीचे मेण आणा. घरचे 100 ग्रॅम एरंडेल घ्या. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरे लहान भांडे ठेवा आणि त्यात मेण-तेल वितळवा. थेट चुलीवर ठेवू नका, भडका उडतो. मुलांना दूर ठेवा. मिश्रण गार झाले की लोण्यासारखे घट्ट मलम होते. मेणबत्तीचे मेण मात्र वापरू नये, ते गार झाल्यावर तडकते.

बूट कोरड्या फडक्याने पुसून बोटाने मलम पातळ चोळा. शिवणीत आणि तळ जिथे जोडला आहे त्या सांध्यात जास्त जिरवा, कारण पाणी आधी तिथूनच शिरते. रात्रभर ठेवून सकाळी वरचे पुसून काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात द्या. एकदम थापू नका, चामडे लिबलिबीत होते. रंग थोडा गडद होईल, त्याची चिंता नको. लव असलेल्या खरखरीत चामड्याला हे लावू नये. रेक्झिनला ते मुरतच नाही, त्याला नुसते पुसणे पुरे.

मग दोन-चार दिवस सुती मोजे घालून बूट घरात-अंगणात वापरा. पायाला सवय होते, फोड येत नाहीत.

पुन्हा मलम कधी लावायचे? बुटावर पाण्याचे चार थेंब टाका. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे ओघळले तर ठीक. मुरले तर वेळ झाली असे समजा.

शेतातून आल्यावर

चिखल ओला असतानाच ओल्या फडक्याने काढा. धुण्याचा सोडा किंवा साबणाची पूड लावू नका. गोठ्यातले मूत आणि अंगावर सांडलेला युरियाही चामड्याला व शिवणीला खातो, तो लगेच पुसा. मग बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घाला, ओले झाले की बदला आणि वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवा.

चुलीजवळ ठेवू नका. पहिल्या नोकरीत मी ही घाई केली. सकाळी बुटाचा चवडा पापडासारखा वळला होता आणि तळ सुटला होता. पगारातले नवे बूट एका रात्रीत गेले.

बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरते. धरलीच तर अंगणात नेऊन पुसा, सावलीत वाळवा आणि मलम लावा. आणि रोज घालण्यापूर्वी बूट उलटा करून आपटा. विंचवाला कोरडी, काळोखी जागा फार आवडते.

एक अपवाद

औषध फवारताना कातडी बूट घालू नका. चामडे विष शोषून धरते आणि ते रोज पायाला लागत राहते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीला रबरी गमबूट घाला आणि विजारीचे पाय बुटाच्या बाहेरून सोडा, म्हणजे ओघळ आत जात नाही.

बूट घातले म्हणजे साप चावणारच नाही, असे मी म्हणत नाही. रात्री हातात काठी आणि बॅटरी हवीच. चावलाच तर जखम कापू नका, घट्ट आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका, थेट रुग्णालय गाठा.

पायीची वहाण पायीच बरी, ही म्हण आपल्याकडे माणसाला कमी लेखण्यासाठी वापरतात. ती तशी वापरू नये. पण खऱ्या वहाणेच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः पाळावी. आज संध्याकाळी फळीवरचे बूट खाली काढा.