मैदान राखणारा वादक : जिमी यान्सी

आम्हां डॉक्टरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येते : 'निवृत्तीनंतर बघू.' कोणाची सतार, कोणाचे जलरंग, कोणाची ज्ञानेश्वरी त्या 'निवृत्तीनंतर'च्या फडताळात जपून ठेवलेली असते. माझी पेटीही तेथेच होती. एम. डी.ला प्रवेश मिळाला त्या वर्षी ती मिटली. पुढे दवाखाना आणि रात्री-अपरात्री येणारी तापाची मुले यांच्या धांदलीत, दिवाळीत खोळीवरची धूळ झटकण्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध उरला नाही. ज्या माणसाने मला त्या फडताळाकडे पुन्हा पाहावयास लावले तो ना आपल्या देशाचा, ना आपल्या संगीताचा. त्याचे नाव जिमी यान्सी. शिकागो शहरातील बेसबॉलच्या मैदानाची निगा राखणे ही त्याची नोकरी होती. आणि 'बूगी वूगी' नावाच्या पियानोवादनाच्या शैलीतील मोठमोठे वादक ज्याच्या वादनातून शिकले, असाही तो माणूस होता.

भाच्याने भेट दिलेल्या ध्वनिमुद्रणांत मी त्याला प्रथम ऐकले. बूगी वूगीची घडण आपल्या श्रोत्याला समजावून सांगणे अवघड नाही. स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालतो. तोच छोटा स्वरबंध पुनःपुन्हा येत राहतो आणि त्याच्या आधाराने तबलजी हवा तेथे फिरून समेवर परततो. बूगी वूगीत ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या दोन हातांना करावी लागतात. डावा हात खालच्या पट्टीत एक लयबद्ध आकृती अखंड चालू ठेवतो. उजवा हात तिच्यावर बोलतो, थबकतो, थट्टा करतो. चौकट बहुधा ब्लूज संगीताची, म्हणजे चार चार मात्रांच्या बारा खंडांची. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेले तीन स्वरसमूह ठरावीक क्रमाने येतात आणि अठ्ठेचाळीस मात्रांनंतर आवर्तन नव्याने सुरू होते. लहान मुलाला एका हाताने डोके थोपटत दुसऱ्या हाताने पोटावर गोल फिरवावयास सांगा, म्हणजे या कलेतील अवघड जागा कोणती ते कळेल.

ही शैली अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात, लाकूडतोडीच्या वसाहतींतील गुत्त्यांत आणि रेल्वेमार्गाच्या कडेला वाढली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हजारो कुटुंबे रोजगारासाठी उत्तरेकडे निघाली, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर शिकागोच्या दक्षिण भागात आली. तेथे घरभाडे परवडत नसे. मग यजमान घरीच मेजवानी ठेवी, येणाऱ्याकडून थोडे पैसे घेई आणि त्यातून महिन्याचे भाडे भरी. त्या रात्री पियानो वाजविणाऱ्याला खाणेपिणे आणि थोडीफार बिदागी मिळे. या 'भाड्याच्या मेजवान्या' हीच बूगी वूगीची पाठशाळा होय.

यान्सीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोतच झाला. वडील रंगभूमीवरील गायक-वादक आणि भाऊ अलॉन्झो रॅगटाइम पद्धतीचा पियानोवादक, तेव्हा घरात संगीत होतेच. जिमी मात्र आधी नाचला. लहानपणापासून गायक आणि टाचा-चवडे वाजवून नाचणारा नर्तक म्हणून तो विविधरंगी कार्यक्रमांतून अमेरिकाभर हिंडला, युरोपही पाहून आला. पियानो तो बव्हंशी स्वतःच शिकला. त्याच्या डाव्या हाताची चाल ऐकताना मला नेहमी वाटते, की लय त्याच्या पायांतून बोटांत आली असावी. पुढे त्याने रंगमंच सोडला आणि १९२५ मध्ये व्हाइट सॉक्स संघाच्या कोमिस्की पार्क या मैदानावर नोकरी धरली. ती त्याने पंचवीस वर्षे, १९५० पर्यंत केली. दिवसा मैदान आणि रात्री पियानो, हा त्याचा संसार.

त्या शिकागोत त्याला ऐकणाऱ्यांत दोन तरुण होते, मीड लक्स लुइस आणि अल्बर्ट अमन्स. दोघेही टॅक्सी चालवीत. यान्सीकडून त्यांनी जे घेतले ते लेखी स्वरलिपीने नव्हे, कानाने. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यात नवल वाटत नाही. मूल भाषा शिकते ती व्याकरणाने नव्हे. महिनोन्‌महिने ऐकत राहते, आणि एक दिवस घरातलेच शब्द स्वतःच्या आवाजात बोलू लागते. शब्द आईचे असतात, बोलणे मात्र त्याचे असते. लुइसचे वादन आगगाडीसारखे धावते, अमन्सचे वादन दणकट आहे. यान्सी या दोघांहून निराळा, शांत. कलेतला प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे, हे इथे लख्ख दिसते.

२३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा एक मोठा जलसा घडवून आणला. लुइस, अमन्स आणि कॅन्सस सिटीचा पीट जॉन्सन हे त्यात वाजले आणि पाहता पाहता अमेरिकेला बूगी वूगीचे वेड लागले. त्या मंचावर यान्सी नव्हता. शिष्यांना टाळ्या मिळत असताना गुरूच्या दिनक्रमात फरक पडला नाही. मात्र त्या लाटेमुळे त्याच्याकडेही लक्ष गेले आणि १९३९ मध्ये, चाळिशीच्या आसपास, त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. आपल्या नावाची तबकडी निघाली म्हणून त्याने नोकरी सोडली नाही.

यान्सीच्या तबकड्या ऐकताना प्रथम जाणवतो तो संयम. बूगी वूगी म्हणजे वेग आणि दणदणाट, अशी समजूत असणाऱ्याने त्याचे संथ ब्लूज ऐकावेत. डावा हात ठोक्याला ठोका लावीत नाही. क्यूबाकडील हबानेरा नृत्याची आठवण देणारी हिंदकळती चाल धरतो. उजव्या हाताचे स्वर मोजकेच असतात आणि मधल्या मोकळ्या जागाही बोलतात. आणखी एक गंमत. रचना कोणत्याही पट्टीत असो, शेवट तो ई फ्लॅटच्या पट्टीतच करतो. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी दोन! शास्त्राप्रमाणे हे चुकीचे. पण पत्राखाली सही करावी तशी ती समाप्ती येते आणि ऐकणारा ओळखतो, की हा यान्सी.

लुइसने १९३६ मध्ये 'यान्सी स्पेशल' या नावाची रचना मुद्रित केली. नावातच ऋणनिर्देश आहे. पुढे याच रचनेतील डाव्या हाताची चाल दुसऱ्या एका तबकडीत उचलल्याचा दावा शिकागोच्या न्यायालयात गेला. १९५० मध्ये निकाल लागला : ही चाल इतकी साधी आहे, की तिच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क संभवत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण ती 'साधी' चाल यान्सीसारखी वाजविणे किती जणांना साधले? तान्ह्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणेही दिसावयास साधेच असते.

१९४८ मध्ये यान्सी अखेर कार्नेगी हॉलमध्ये वाजला. सोबत गात होती त्याची पत्नी एस्टेल, जिला सारे 'मामा यान्सी' म्हणत. १९५० मध्ये मैदानावरची नोकरी संपली. १८ जुलै १९५१ रोजी पतिपत्नींनी अटलांटिक कंपनीसाठी अखेरचे ध्वनिमुद्रण केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ सप्टेंबर रोजी, मधुमेहातून उद्भवलेल्या पक्षाघाताने यान्सी गेला. इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा तीस वर्षे होत आली होती. मधुमेहावरच्या गोळ्या बाजारात येण्यास अजून चारपाच वर्षे होती. आणि गेल्या काही महिन्यांतील साखर सांगणारी आजची तपासणी तर फार पुढची गोष्ट. मामा यान्सी १९८६ पर्यंत जगल्या आणि उतारवयातही गात राहिल्या. त्याच वर्षी 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने पूर्वसूरी म्हणून यान्सीचे नाव आपल्या पहिल्याच यादीत घेतले.

ही तारखांची वजाबाकी मी प्रथम केली तेव्हा कागद बाजूला ठेवला. निवृत्तीनंतर त्याच्या वाट्याला उणीपुरी दोन वर्षेही आली नाहीत. त्याने पियानो 'निवृत्तीनंतर'साठी ठेवला असता, तर जगाला यान्सी मिळाला नसता. लुइस-अमन्सना त्यांची अर्धी भाषा मिळाली नसती. नोकरीने त्याची कला मारली नाही, कारण नोकरी सुटण्याची वाट पाहत तो बसला नाही. मधुमेहाच्या रुग्णांना पथ्य आणि तपासण्या यांबद्दल आपण आग्रहाने सांगतो, आणि सांगितलेच पाहिजे. पण मिळालेल्या वर्षांत ते काय करणार आहेत, हे आपण क्वचितच विचारतो. स्वतःला तर मुळीच नाही.

गेल्या पावसाळ्यात मी पेटी दुरुस्तीला दिली. भाता फाटला होता आणि दोन सूर बसले होते. आता रात्री दवाखाना बंद झाल्यावर अर्धा तास वाजवितो. बोटे ऐकत नाहीत, डावा हात भाता सोडून काही करू इच्छित नाही, आणि शेजारच्या खोलीतून सौभाग्यवतींचे अभिप्राय येतात. वाजवून झाले, की उठण्यापूर्वी मी एकदा काळी दोन दाबतो. रागाशी तिचा काही संबंध नसतो.