पिशवीतल्या सोळा चकत्या

मेंढीकोट खेळत वाढलेल्या माणसाला ‘अर्कम हॉरर’ पहिल्याच बैठकीत अन्यायी वाटतो. शाहूवाडीत आषाढात लाइट गेली, आंबा घाटाच्या बाजूने आलेला पाऊस हटेना, की पत्त्यांचा डाव पडतोच. पण त्या डावात समोर माणसं असतात. कुणीतरी नको तेव्हा हुकूम टाकून बसतो आणि आपण सुटतो. इथे सगळे भिडू एकाच बाजूचे. विरुद्ध बाजूला फक्त पत्त्यांचा गठ्ठा आणि चकत्यांची पिशवी. ती दोघं गाफील राहत नाहीत, त्यामुळे हरल्याचा राग थेट खेळावर निघतो.

‘अर्कम हॉरर: द कार्ड गेम’ फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन कंपनीने २०१६ मध्ये आणला. भयकथाकार लव्हक्राफ्टने कल्पिलेलं अर्कम हे गाव त्यात आहे. नारायण धारप वाचलेल्यांना तिथलं वातावरण फार परकं वाटणार नाही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचा स्वतःचा गठ्ठा पिसायचा, आणि मिळून क्लू गोळा करायचे.

आता पिशवीकडे. कुठलंही जोखमीचं काम करताना आपल्या पात्राचा गुण आणि कामाची अवघडता यांची तुलना होते. मग पिशवीत हात घालून एक चकती काढायची, तिचा आकडा गुणात मिळवायचा. बेरीज अवघडतेइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. चकती परत पिशवीत. मूळ संचातल्या मोहिमेत ‘स्टँडर्ड’ पातळीवर सोळा चकत्या असतात. आकड्यांच्या दहा: +१ एक, ० दोन, −१ तीन, −२ दोन, −३ एक, −४ एक. चित्रांच्या सहा: दोन कवट्या, एक पंथवाला, एक शिलालेख, एक तारा आणि एक तो लाल वळवळता सोंडेचा हात, जो निघाला की गुण कितीही असो, काम फसलंच.

रोलंड बँक्स हे पात्र घ्या. त्याची बुद्धी ३, पहिल्या खोलीची अवघडता २. नवखा म्हणतो, तिनाला दोन, झालंच की! झालेलं नसतं. पहिल्या प्रकरणात कवटीचा आकडा त्या जागी जितके पिशाच तितका उणे, म्हणजे सध्या शून्य. पंथवाला −१, शिलालेख −२, तारा आपल्याच बाजूचा. मोजून बघा: गुण एकाने वरचढ असताना सोळातल्या दहाच चकत्या आपल्या बाजूच्या. बरोबरीत असतो तर सहाच. हातात भिंग आलं, बुद्धी चार झाली, की तेरा. त्यापुढची प्रत्येक पायरी एकेकच चकती देते, चौदा आणि पंधरा. म्हणजे खरी कमाई पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. बरोबरीत हात घालणारा रडत बसतो आणि चारने पुढे जाणारा पत्ते वाया घालवतो.

हे उमजलं की वाटतं, आधी नीट तयारी करू. तिथेच खेळ दुसरा चिमटा काढतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला संकटाची, म्हणजे डूमची, एक चकती पडते. फक्त पहिली फेरी सुटते. संकटाचा पहिला टप्पा तीन चकत्यांवर उलटतो. फेरीला माणशी तीन कृती, म्हणजे तो उलटायच्या आत प्रत्येकाच्या वाट्याला नऊ. भिंग मांडायचं, पैसे घ्यायचे, पत्ता ओढायचा, चालायचं, शोधायचं, सगळं त्या नवांत. त्यात ‘एन्शंट ईव्हिल्स’चा पत्ता निघाला तर आणखी एक डूम फुकट. तयारी केली तर वेळ जातो, घाई केली तर पिशवी मारते. माझ्या मते खेळाची अवघडता याच ओढाताणीत आहे. नशीब त्यात दुय्यम.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी पिशाचांचा पुजारी येतो. त्याच्याशी लढायला अवघडता ४, रोलंडची झुंज ४. पण पुजारी स्वतः पिशाच आहे, त्यामुळे दोन्ही कवट्या आता −१ झाल्या. रिकाम्या हाताने हल्ला केला तर सोळांत चारच चकत्या कामाच्या! वर हल्ला फसला की तो उलट वार करतो, दोन शरीरावर, दोन मनावर. रोलंडचं मन पाचाचं. साधं पिस्तूल हाती असलं, झुंज पाच झाली, की चाराच्या दहा होतात, आणि इजाही एकाऐवजी दोन. ‘पुजारी मरतच नाही’ म्हणणाऱ्याचं पिस्तूल बहुतेक वेळा गठ्ठ्यातच राहिलेलं असतं. पहिल्या हातात शस्त्र नसेल तर नको ते पत्ते एकदा बदलता येतात. ती संधी लोक आळसाने सोडतात.

हरलं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, असंही बहुधा नसतं. ‘पुजारी जिवंत’ अशी नोंद होते, कथा पुढे सरकते आणि तो पुढच्या प्रकरणाच्या गठ्ठ्यात मिसळतो.

‘ईझी’ पातळी घ्यायला लोक का लाजतात कोण जाणे. तिथे −३ आणि −४ नाहीतच. दोनने वरचढ असलात तर लाल चकती सोडून पंधराही आपल्या. मात्र तिसऱ्या प्रकरणाबद्दलची तक्रार मला रास्त वाटते. तिथे पिशवीत आणखी एक वाईट चकती पडते आणि आधीच्या प्रकरणांतली हयगयही तिथेच अंगाशी येते. ते प्रकरण नव्या भिडूंसोबत खेळायचं असेल तर मोहीम सुरू करतानाच ‘ईझी’ची पिशवी भरावी.