मच्छीमार नौकांच्या जुन्या डिझेल इंजिनांतील तेलगळती व गंज : कारणे आणि दुरुस्ती

प्रस्तावना :
सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मिरकरवाडा आदी बंदरांतील यांत्रिक नौकांमध्ये डिझेल इंजिन नौकेच्या आतच बसविलेले असते. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात व इंजिनाच्या दुरुस्तीस हाच अवधी मिळतो. या दोन महिन्यांत राहिलेला दोष भर समुद्रात इंजिन बंद पाडू शकतो. तेव्हा प्रश्न केवळ खर्चाचा नसून खलाशांच्या जीविताचाही असतो. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

तेलगळतीचा शोध :
तेल जेथे साचलेले दिसते तेथूनच ते गळते असे नाही; ते वरून ओघळत खाली येते. म्हणून इंजिन प्रथम धुऊन कोरडे करावे. संशयित सांध्यांवर खडूची भुकटी लावून इंजिन थोडा वेळ चालवावे. भुकटी सर्वांत वर जेथे ओली होईल तेथे गळतीचे मूळ असते. व्हॉल्व्हवरील झाकणाचे गॅस्केट, तेलाच्या टाकीचा सांधा, निचऱ्याच्या बोल्टचे वॉशर व क्रँकशाफ्टचे ऑइल सील ही गळतीची नेहमीची स्थाने होत.

गॅस्केट वा सील बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासणे आवश्यक आहे. तो काजळीने बुजला असल्यास आतील दाब वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. ब्रीदर मोकळा असूनही त्यातून धूर जोराने येत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले असे समजावे. अशा वेळी ऑइल कूलर व हेड गॅस्केट तपासल्याविना इंजिन चालवू नये.

गंजाचे शास्त्र व उपाय :
एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी विजेचे सुवाहक असल्याने त्यात परस्परांशी जोडलेल्या दोन भिन्न धातूंचा विद्युतघट तयार होतो. प्रमाण विभव जस्ताचे –०.७६, लोखंडाचे –०.४४ व तांब्याचे +०.३४ व्होल्ट आहे. त्यामुळे तांब्याच्या सान्निध्यात लोखंड झिजते. परंतु जस्त जोडल्यास ते स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते. जस्ताचा तुकडा निम्मा झिजताच बदलावा. त्यावर रंग देऊ नये, कारण रंगाखाली तो निष्क्रिय होतो.

गंजलेला पृष्ठभाग प्रथम गोड्या पाण्याने धुवावा, अन्यथा क्षार रंगाखाली अडकून गंज पुन्हा येतो. नंतर तारेच्या ब्रशने घासून पृष्ठभाग कोरडा करावा आणि झिंक फॉस्फेटचा प्रायमर व उष्णतारोधक रंग द्यावा. पत्रा टोचल्यावर आत दबत असेल, तर रंग न देता तो भाग बदलणेच इष्ट.

समारोप :
नौकेच्या तळाशी साचलेले तेलमिश्रित पाणी समुद्रात न सोडता वेगळ्या डब्यात गोळा करावे. महागावसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या तालुक्यातील शेतकऱ्यांच्या डिझेल पंपांनाही तेलगळतीसंबंधीचे हे विवेचन लागू पडते. प्रथम कारण व नंतर सुटा भाग, हा क्रम पाळल्यास मच्छीमार व शेतकरी या दोघांचाही अनाठायी खर्च टळेल.