काळा लघू, लाल गुरू

गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत जादूचा प्रयोग असला की गर्दीची चिंता नसते. पनवेलजवळच्या कामोठ्यासारख्या, सिडकोने सेक्टर आखून वसवलेल्या नगरात तर घाटावरचे, कोकणातले, परप्रांतातले असे सगळेच शेजारी. एकाला रुचणारे गाणे दुसऱ्याला रुचेलच असे नाही. पण पत्त्यांचा जोड हाती घेतलेला जादूगार मात्र साऱ्यांनाच खिळवून ठेवतो.

अशा मंडपात हमखास टाळ्या घेणारा एक खेळ आहे. जादूगार पत्त्यांचा गठ्ठा प्रेक्षकांत देतो. एकजण तो काटतो, म्हणजे वरची काही पाने उचलून तळाशी घालतो. मग दुसरा काटतो, तिसरा काटतो. त्यानंतर शेजारी शेजारी बसलेले पाचजण वरून ओळीने एकेक पान घेतात. जादूगार पाठमोरा उभा. तो म्हणतो, ‘‘आपापल्या पानाकडे पाहा, मन एकाग्र करा. छे, विचारांची फार गर्दी होतेय! ज्यांच्याकडे लाल पान आहे, त्यांनी जरा उभे राहा पाहू.’’ दोघे-तिघे उभे राहतात. जादूगार वळून क्षणभर पाहतो आणि पाचही जणांची पाने अचूक सांगतो!

हातचलाखी? नाही. खुणेची पाने? नाहीत. प्रेक्षकांत सामील असलेला माणूस? तोही नाही. या खेळामागे निखळ गणित आहे. आणि मौज अशी, की त्या गणिताची किल्ली मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली गेली आहे. गणिताच्या तासाला नव्हे, मराठीच्या!

काटणे आणि पिसणे

पहिली गोष्ट काटण्याची. पत्ते काटले की ते मिसळले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वरचा गठ्ठा फक्त खाली जातो. सारी पाने एका वर्तुळात मांडली आहेत अशी कल्पना केली, तर दहा वेळा काटूनही कोणत्या पानानंतर कोणते हा क्रम तसाच राहतो. बदलते ती केवळ सुरुवातीची जागा. माळेतला कोणताही मणी आधी धरा, माळ तीच.

पिसण्याचे तसे नाही. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिले, की ५२ पानांचा जोड दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळण्याच्या पद्धतीने नीट पिसायचा, तर ते साधारण सात वेळा करावे लागते. म्हणूनच जादूगार लोकांना खुशाल काटू देतो, पिसू मात्र देत नाही. फरक इतका बारीक, की तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट त्या उभे राहण्याची. पाच माणसे, प्रत्येकाचे पान लाल किंवा काळे; म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२ शक्यता. गठ्ठ्यातही पाने ३२च. वर्तुळात कोठूनही सलग पाच पाने उचलली, तरी त्यांचा लाल-काळा नमुना इतर कोठेही पुन्हा येणार नाही, अशी पाने आधीच लावून ठेवली तर? मग कोण उभे राहिले आणि कोण बसून राहिले, एवढ्यावरून गठ्ठा नेमका कोठून सुरू झाला ते कळते. पुढचे काम स्मरणशक्तीचे.

पण असा क्रम मुळात लावता येतो का? आणि आला तर तो शोधायचा कसा?

मराठीच्या तासाला

आता पत्ते जरा बाजूला ठेवू आणि शाळेतल्या अक्षरगणवृत्तांकडे वळू. ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ किंवा जोडाक्षरामागचे आघातयुक्त अक्षर गुरू. तीन अक्षरांचा एक गण. आणि लघू-गुरूंचे तीन अक्षरांत आठच प्रकार होत असल्याने गण आठ. यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा ही यादी अनेकांनी घोकली असेल. त्याखेरीज जुन्या संस्कृत परंपरेतून आलेले एक सूत्रही आहे: यमाताराजभानसलगं.

या सूत्राची खुबी अशी, की ज्या गणाचे रूप हवे त्याचे अक्षर शोधावे आणि तिथून सलग तीन अक्षरे वाचावीत. य गण हवा? ‘यमाता’: लघू, गुरू, गुरू. र गण? ‘राजभा’: गुरू, लघू, गुरू. न गण? ‘नसल’: तिन्ही लघू. समर्थांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयात वृत्तात आहेत, त्याच्या प्रत्येक चरणात हा य गण चार वेळा येतो. मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित म, स, ज, स, त, त हे गण आणि शेवटी एक गुरू असे चालते.

आता हिशेब पाहा. आठ गणांसाठी वेगवेगळे आठ शब्द घेतले तर २४ अक्षरे लागतात. सूत्रात अक्षरे अवघी दहा. त्यातलीही शेवटची दोन, ‘ल’ आणि ‘गं’, म्हणजे लघू आणि गुरू; आणि सुरुवातीची ‘य’ आणि ‘मा’ हीसुद्धा लघू आणि गुरूच. म्हणजे शेपटी तोंडात धरलेल्या सापासारखे हे सूत्र वर्तुळात वळवले, तर आठच अक्षरांत आठही गण बसतात. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही.

लघूच्या जागी काळे पान ठेवा, गुरूच्या जागी लाल. जादूगाराचा क्रम तयार!

घरी करून पाहा

पाचऐवजी तीन माणसांचा छोटा खेळ आठ पानांत होतो. पाने अशी लावा: इस्पिकचा एक्का, बदामची दुर्री, चौकटची तिर्री, बदामची चव्वी, किलवरची पंजी, चौकटची छक्की, इस्पिकची सत्ती, किलवरची अठ्ठी. म्हणजे य, मा, ता, रा, ज, भा, न, स ही अक्षरेच एक ते आठ आकडे झाली. काळ्यांत इस्पिक-किलवर आणि लालमध्ये बदाम-चौकट आळीपाळीने येतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. एक्का वर राहील असा गठ्ठा पालथा धरा.

लोकांना हवे तितके काटू द्या. तिघांनी तुमच्या डावीकडून उजवीकडे ओळीने वरचे एकेक पान घ्यावे. लाल पानवाल्यांना हात वर करायला सांगा. समजा, फक्त पहिल्याने हात वर केला. लाल, काळा, काळा म्हणजे गुरू, लघू, लघू. हा झाला भास्कर, भ गण. सूत्रात ‘भा’ सहावा. म्हणून पहिल्याकडे छक्की, दुसऱ्याकडे सत्ती, तिसऱ्याकडे अठ्ठी. कोणीच हात वर केला नाही तर न गण: सत्ती, अठ्ठी आणि वळसा घालून पुन्हा एक्का. बघणाऱ्यांना वाटते, तुम्ही एकच किरकोळ प्रश्न विचारलात. वास्तविक तिघांनी मिळून तीन उत्तरे दिलेली असतात आणि आठ शक्यतांतून एक निवडायला तेवढी पुरतात.

मानसरोवर स्थानकावरून हार्बरची लोकल पकडणाऱ्या कामोठेकरांना प्रवासात हा खेळ सहज करता येईल. फक्त तिघांच्या बाकावर ‘फोर्थ सीट’ धरून चौघे बसले असतील, तर आठाऐवजी सोळा पाने लागतील!

घंटागाडीचा रस्ता

असा क्रम लागतो तरी का, याचे उत्तर गावातल्या रस्त्यांवरून समजते. कल्पना करा, एका वसाहतीत चार चौक आहेत. त्यांची नावे लल, लग, गल आणि गग. प्रत्येक गण म्हणजे एका चौकातून दुसऱ्या चौकात नेणारा एकदिशा रस्ता. य गण लघू-गुरू-गुरू, म्हणून तो ‘लग’ चौकातून ‘गग’ चौकात जातो. असे आठ रस्ते. न गण आणि म गण हे निघाल्या चौकातच परत येणारे फेरे. आता कचऱ्याची घंटागाडी प्रत्येक रस्त्यावरून नेमकी एकदा जाऊन निघाल्या ठिकाणी परत येऊ शकेल का?

लिओनार्ड ऑयलरने १७३६ साली कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवताना अशा कोड्यांची वाट दाखवून दिली होती. प्रत्येक चौकात येणारे रस्ते आणि बाहेर पडणारे रस्ते सारखे असले आणि सर्व चौक एकमेकांना जोडलेले असले, की अशी फेरी शक्य असते. आपल्या चारही चौकांत दोन रस्ते येतात आणि दोन जातात. म्हणून फेरी होतेच. आणि ती फेरी म्हणजेच आपले वर्तुळाकार सूत्र. चार, पाच, दहा माणसांसाठीही हाच युक्तिवाद लागू पडतो.

अशा किती फेऱ्या निघतील, हे हॉलंडचे गणितज्ञ निकोलास डी ब्रॉइन यांनी १९४६ साली सिद्ध केले. म्हणून या क्रमांना त्यांचे नाव मिळाले. पुढे लक्षात आले, की दोन रंगांसाठीचे हेच उत्तर फ्रान्सच्या कामिय फ्लाय सेंत-मारी यांनी १८९४ सालीच देऊन ठेवले होते. डी ब्रॉइन यांनी १९७५ मध्ये तो मान मोकळेपणाने त्यांना दिला. त्या उत्तरानुसार चार माणसांसाठी १६ वेगवेगळे क्रम आहेत आणि पाचजणांसाठी २,०४८. तिघांसाठी मात्र दोनच: एक आपले यमाताराजभानसलगं आणि दुसरे तेच उलट वाचून येणारे.

पाचजणांचा क्रम पाठ न करता तयार करण्याचीही युक्ती आहे. पाच रंग माहीत असले, की पहिला आणि तिसरा पाहा. सारखे असतील तर पुढचे पान काळे, वेगळे असतील तर लाल. या एका नियमाने ३१ पानांचे वर्तुळ आपोआप उलगडते; जिथे सलग चार काळी पाने येतात, तिथे आणखी एक काळे घातले की झाली बत्तीस. ‘पहिला आणि तिसरा’ हाच नियम यमाताराजभानसलगंलाही लागू आहे, सलग लघूंची जागा तेवढी वगळून. पडताळून पाहा!

खेळ आणि खेळापलीकडे

रंगांवरून पाने ओळखण्याची ही युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात कुक्कुटपालन करणाऱ्या चार्ल्स जॉर्डन या कल्पक माणसाने पत्त्यांत आणली. डायकोनिस तर किशोरवयात घर सोडून डाय व्हर्नन या नामांकित जादूगाराबरोबर हिंडलेला मुलगा. पुढे तो स्टॅनफर्डचा प्राध्यापक झाला. त्याने आणि रॉन ग्रॅहम यांनी २०११ साली लिहिलेल्या ‘मॅजिकल मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकात या खेळाची सविस्तर उकल आहे.

हे गणित मंडपापुरते मात्र राहिलेले नाही. जनुकांची रचना वाचताना यंत्रे डीएनएचे लहान लहान, एकमेकांवर चढलेले तुकडे देतात. ते जुळवून मूळ साखळी उभी करणाऱ्या संगणकीय पद्धतींत डी ब्रॉइन यांच्या याच चौक-रस्त्यांचा वापर होतो. इमारतीच्या दारावर चार आकड्यांचे कुलूप असेल आणि ते फक्त शेवटचे चार आकडे तपासत असेल, तर सर्व १०,००० जोडण्या करून पाहायला ४०,००० वेळा बटणे दाबावी लागत नाहीत. १०,००३ वेळा पुरतात. सोसायटीच्या कार्यकारिणीने कुलूप घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंडपातला जादूगार कला म्हणून जे करतो, तेच कोणी ‘सिद्धी’ म्हणून दाखवू लागला, तर भल्याभल्यांची मान डोलते. ‘बाबांनी काही न विचारता मनातले ओळखले’ असे सांगणाऱ्याला आपण कधी हात वर केला, हे आठवतच नसते. चमत्कार पाहताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: यांना माहिती मिळाली कोठून? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायद्याच्या आधी हा प्रश्न घरातल्या मुलाच्या तोंडी यायला हवा.

आणि त्यासाठीच त्या सूत्राचे महत्त्व. वृत्ते पाठ करणे म्हणजे निरर्थक घोकंपट्टी, असे एक मत आहे. पाठांतर ही जुनी, भक्कम विद्या, असे दुसरे. यमाताराजभानसलगं दोघांनाही थोडे गप्प करते. कोणा अनाम पूर्वजाने आठ गण दहा अक्षरांत कोंबले, ती गणिती बुद्धीच होती. आणि पाठांतराची परंपरा नसती तर ती दहा अक्षरे आपल्यापर्यंत पोचलीच नसती. मात्र शेकडो वर्षे ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल, की हे असे जमते तरी कसे? पंधरा-सोळा जमेल का? बत्तीस जमेल का?

आजीला गण पाठ असतील, नातवाला शून्य आणि एक यांची भाषा ठाऊक असेल. रविवारची दुपार आहे, घरात पत्त्यांचा जोड असेलच. आठ पाने काढा आणि दोघांना समोरासमोर बसवा. लघू म्हणजे शून्य आणि गुरू म्हणजे एक, एवढे सांगितले की पुढचा खेळ ती दोघे मिळून शोधून काढतील.