निवड समिती आणि प्रांताभिमान

राष्ट्रीय संघाची यादी वर्तमानपत्रात आली, की आपण तीत प्रथम काय शोधतो? आपल्याकडचे किती! हे व्यसन केवळ मराठी माणसाचे आहे असे नव्हे. २०१७ साली केरळात याच प्रश्नावरून एवढे रण माजले, की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

पी. यू. चित्रा ही पालघाट जिल्ह्यातील मुंडूरची, शेतमजुराची मुलगी. त्या वर्षीच्या जुलैत भुवनेश्वर येथील आशियाई मैदानी स्पर्धांत तिने पंधराशे मीटरची शर्यत ४ मिनिटे १७.९२ सेकंदांत जिंकली. पुढच्याच महिन्यात लंडनला जागतिक स्पर्धा होत्या. खंडाच्या विजेत्याला तेथे दार मोकळे असे. मात्र नाव पाठवावयाचे ते देशाच्या महासंघाने. महासंघाने ते पाठविलेच नाही. पात्रतेची वेळ ४ मिनिटे ७.५० सेकंद, आणि ही मुलगी दहा सेकंद मागे, असे त्याचे म्हणणे. दहा सेकंद म्हणजे धावपट्टीवर साठ-एक मीटर. हे अंतर काही थोडे नव्हे.

केरळात संताप उसळला. तो मला समजतो. पण राज्याच्या द्वेषाने तिला डावलले, हा आरोप पटत नाही. तिच्याबरोबर वगळलेले अजयकुमार सरोज आणि सुधा सिंग हे आशियाई विजेते दोघेही उत्तर प्रदेशचे. उलट लंडनला गेलेल्या संघात गोपी, इरफान, अनस ही केरळची मंडळी होतीच. खरा दोष निराळा आहे. विजय हे एक माप, वेळ हे दुसरे. आणि यांतले कोणते लावावयाचे, हे शर्यत संपल्यावर समितीच्या खोलीत ठरले. आधी सांगून लावलेले कडक माप खेळाडू सोसतो. मागाहून काढलेल्या मापात त्याला जात, गाव, भाषा सारे दिसू लागते. त्यात सुधा सिंगचे नाव मध्येच प्रवेशिकांच्या यादीत झळकले! ती चूक होती असा खुलासा झाला, तीही गेली नाही. पण संशयाला तेवढे पुरे झाले.

चित्राला पाठवावे, असा आदेश न्यायालयाने दिला. तोवर प्रवेशिकांची मुदत उलटली होती, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने तिचे नाव घेण्यास नकार दिला. पुढच्या वर्षी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तिने त्याच शर्यतीत कांस्यपदक मिळविले. वेळ होती ४ मिनिटे १२.५६ सेकंद.