शॉक उपचारांनंतरची गुंतागुंत आणि बिलावरचा संकेतांक

विजेचे झटके देऊन केलेले उपचार म्हटले, की चित्रपटांतील भीषण दृश्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. प्रत्यक्षात उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ मध्ये रोम येथे सुरू केलेली ही पद्धत आज भूल व स्नायू शिथिल करणारे औषध देऊन वापरली जाते आणि तीव्र नैराश्यात ती गुणकारी ठरते. तरीही डोकेदुखी, गोंधळलेपण, विस्मरण असे त्रास काही रुग्णांना होतात. क्वचित विस्मरण दीर्घकाळ टिकते. या त्रासांची नोंद कशी होते, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटला, तरी त्याच्याशी रुग्णाचे हित निगडित आहे.

अमेरिकेत रुग्णालयाचे बिल विमा कंपनीकडे जाते ते संकेतांकांच्या भाषेत. उपचारांसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची यादी आहे. तिच्यात शॉक उपचारांचा क्रमांक ९०८७०. आवश्यक देखरेखही त्यातच धरलेली असते. आजार आणि गुंतागुंत यांसाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचे अमेरिकी रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे.

समजा, उपचारांनंतर रुग्णाला पूर्वीच्या घटना आठवेनाशा झाल्या. अशा वेळी प्रथम 'आर ४१.२' हा पूर्वस्मृती गमावल्याचा संकेतांक येतो. त्यापाठोपाठ 'वाय ८४.३' जोडता येतो. उपचार करताना चूक झाल्याची नोंद नाही, परंतु त्रासाचे कारण शॉक उपचार हेच आहे, असा त्याचा अर्थ. मात्रा चुकली असेल, तर 'वाय ६३.४' हा वेगळा संकेतांक आहे. त्याच्या शीर्षकात इन्सुलिन शॉकचाही उल्लेख आढळतो. ती पद्धत केव्हाच मागे पडली, नाव तेवढे यादीत उरले.

खरी मेख पुढेच आहे. 'वाय'ने सुरू होणारे हे कारणदर्शक संकेतांक बिलात पहिल्या स्थानी लिहिता येत नाहीत. शिवाय राज्याचा नियम किंवा विमा कंपनीची अट नसेल, तर ते देण्याची देशपातळीवर सक्ती नाही. संकेतांक लिहिणाऱ्याने आपल्या मनाने कार्यकारण जोडायचे नसते. डॉक्टरांनी ते स्पष्ट लिहिलेले असावे लागते. नैराश्यामुळेही विस्मरण होत असल्याने हा दुवा सहज निसटतो. मग कागदावर आजार उरतो, त्याचे कारण उरत नाही. एका रुग्णाच्या बाबतीत यामुळे पुढच्या डॉक्टरला दिशा मिळत नाही. अनेकांच्या बाबतीत अशा त्रासांची मोजदादच अपुरी राहते.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता झटके देण्यास मनाई केली. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्याचे बंधनही घातले. त्यामुळे येथेही कागदपत्रांचे महत्त्व वाढले आहे. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर उद्भवलेला त्रास आणि त्याचे कारण, दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घेणे, हे नातेवाइकांच्या हाती निश्चितच आहे.